तळटीप : व्हाइटफील्डचा 'बाउंटी हंटर'

७. जामीन बुडवून पळालेल्याला पकडून देणारा अमेरिकी 'बाउंटी हंटर' इथे अभिप्रेत नाही. भारतात तो धंदाच नाही. एकोणिसाव्या शतकाअखेर अँग्लो-इंडियनांसाठी वसवलेलं व्हाइटफील्ड आता आयटी कंपन्यांचं आगर आहे, तेव्हा इथला शिकारी 'बग बाउंटी'वाला : कंपनीच्या प्रणालीतली भगदाडं शोधायची, गुपचूप तिलाच कळवायची आणि बक्षीस घ्यायचं. नेटस्केपने १९९५ सालीच अशी बक्षिसं लावली होती. बंगळुरूचं गाजलेलं उदाहरण आनंद प्रकाश यांचं. पासवर्ड बदलताना येणारा सहा आकडी कोड फेसबुकच्या चाचणी-संकेतस्थळावर हवा तितक्या वेळा चुकवून पाहता येतो, हे त्यांनी २०१६मध्ये दाखवलं. १५,००० डॉलर मिळाले. अशा बातम्यांना भुलू नये. तीच चूक कुणी आधी कळवली असेल, तर रात्र जागूनही पदरी बहुधा 'डुप्लिकेट' एवढाच शेरा पडतो. शिवाय आखून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीविना शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चं कलम ४३ लागू होतं. हेतू अप्रामाणिक ठरला, तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणून जाणते आधी कंपनीची नियमावली वाचतात, मग हात घालतात. आपला नायक नेमकं उलट करतो. — संपा.