रस्ता आधी चालणाऱ्याचा

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात ४९ वर्षांची इलेन हर्झबर्ग सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. ती बेघर होती. उबरच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने तिला धडक दिली आणि ती मेली. अशा गाडीखाली गेलेली जगातील ही पहिली पादचारी.

चौकशीत काय निघाले? यंत्राने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. पण ते तिला कधी वाहन समजले, कधी नुसती वस्तू, तर कधी सायकल. 'माणूस' मात्र समजले नाही! कारण ओलांडण्याचे पट्टे नसलेल्या ठिकाणीही माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हा विचारच त्या रचनेत नव्हता. गाडीत देखरेखीला बसलेली बाई मोबाइल पाहत होती. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर मात्र फौजदारी खटला भरला गेला नाही.

हा विचार रचनेत का नव्हता? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे.

मोटारी येण्याआधी रस्ता सर्वांचा होता. मुले तिथे खेळत, फेरीवाले माल विकत. मोटारींखाली माणसे मरू लागली तेव्हा लोक चिडले. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजारांवर लोकांनी सह्या करून मागणी केली की, मोटारींना ताशी २५ मैलांवर जाऊच न देणारे यंत्र बसवा. मोटारधंदेवाले घाबरले. त्यांनी जोरदार प्रचार करून ती मागणी मतदानात पाडली. मग उलटा प्रचार सुरू झाला की, दोष मोटारीचा नाही, चालणाऱ्याचा आहे. हवा तिथे रस्ता ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर' म्हणू लागले. 'जे' म्हणजे गावंढळ. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना बांधून टाकणारे नियम केले आणि इतर शहरांनी ते उचलले. आधी शिवी आली, मागून कायदा आला. त्या कायद्याचा दंड कुणाला बसला? न्यूयॉर्कमध्ये मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो लोकांना. शेवटी २०२४ मध्ये त्या शहराने हा गुन्हाच रद्द केला.

रस्त्यावर कुणी यायचे हे बलवानाने ठरवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही. पेशवाईत सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला रस्त्यावरून जाण्याची मनाई होती, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. १९२४ चा वायकोमचा सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठीच होता. अमेरिकेतला पादचारी आणि आपला अस्पृश्य एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण रस्त्याचा हक्क हा माणूस असण्याचा हक्क आहे, हे आमच्या लोकांनी सोसून शिकलेले आहे. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी आणि तलावांच्या जोडीने 'रस्ते' हा शब्द लिहिलेला आहे.

काहीजण म्हणतात, यंत्र दारू पीत नाही, झोपत नाही. खरे आहे. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पण यंत्र मालकाचा नफा पाहणार की चालणाऱ्याचा जीव, हे ते बनवणारे ठरवतात. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या गाडीने एका जखमी बाईला सुमारे २० फूट फरफटत नेले. कंपनीने अहवालात फरफटल्याचे लिहिलेच नाही. पुढे अहवाल खोटा असल्याचे तिला मान्य करावे लागले.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते. फुटपाथ नसलेल्या रस्त्याने कामावर पायी जाणारे कोण असतात, हे वेगळे सांगायला नको. उद्या अशा गाड्या इथे आल्या, तर आपल्या मागण्या आजच ठरलेल्या हव्यात. पट्टे असोत वा नसोत, यंत्राने माणसाला माणूस म्हणून ओळखले पाहिजे. ओळख पटत नसेल तर गाडीने आधी वेग कमी केला पाहिजे. वस्तीतला वेग पायी चालणाऱ्याच्या जीवाच्या हिशोबाने ठरला पाहिजे. अपघाताची सगळी नोंद जनतेसमोर आली पाहिजे आणि जबाबदारी पगारी नोकरावर न ढकलता कंपनीवर आली पाहिजे.

नाहीतर 'जेवॉकर'सारखी नवी शिवी तयार होईल आणि ती पुन्हा आपल्यालाच चिकटवली जाईल.