फिल्मचे भेंडोळे

एरवी आपण दुकानातून गूळ थोडाथोडा आणतो. पण घरात कार्य निघाले की पेठेतून सबंध रवाच आणतो आणि लागेल तसा फोडतो. फोटोग्राफीतही अशी एक रीत आहे. 36 फोटोंची तयार डबी घेण्याऐवजी फिल्मचे 100 फुटांचे भेंडोळे आणायचे आणि अंधारात आपल्या डब्या आपणच भरायच्या. ही काटकसर खरीच. पण हिचा इतिहास सांगतो की आधी हातभरणी होती, तयार माल मागून आला.

दादासाहेब फाळके 1912 साली विलायतेला गेले आणि कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही त्यांनी आणले. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची येई. ती भोके सरस्वतीबाई फाळके घरी अंधारात पाडीत. त्यातूनच 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

आपल्या कोल्हापुराने तर कॅमेराच घडवला! आनंदराव पेंटर 1916 साली वारले. त्यांचे अपुरे काम बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साह्याने तडीस नेले आणि 1920 साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला.

सिनेमाची हीच 35 मिलिमीटरची फिल्म जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी लहानशा कॅमेऱ्यात आडवी चालवली. तो ‘लायका’ 1925 साली बाजारात आला. वापरून टाकून द्यायची तयार डबी कोडॅकने काढली ती 1934 साली. तोवर डबी जपायची आणि अंधारात पुन्हा भरायची, हाच परिपाठ होता.

काम सोपे, पण शिस्तीचे. फिल्मचे टोक डबीतल्या रिळाला चिकटपट्टीने घट्ट लावायचे. फिल्म फक्त कडांना धरायची. डबीच्या तोंडाशी मखमल असते. तिच्यात धुळीचा एक कण राहिला, तर सगळ्या फोटोंवर ओरखडा उमटतो. इथे डोळ्यांचा उपयोग नाही; बोटांना कळले पाहिजे.

शिक्षकबंधूंनी जुनी निगेटिव्ह मिळवून मुलांना भोके मोजायला लावावीत. फुटाला 64 भोके, फोटोला 8. म्हणजे 100 फुटांत जागा 800 फोटोंची. पण 18 डब्यांत फोटो निघतात 648. उरलेली 152 फोटोंची जागा गेली कुठे? प्रत्येक डबीच्या तोंडाशी आणि शेपटाशी! हे गणित पुस्तकात सापडणार नाही. ते भरणाऱ्याच्या हातालाच ठाऊक असते. तयार डबी घेणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही, आणि प्रश्न पडले नसते तर कोल्हापुरात कॅमेराही झाला नसता.