पदवीचे दान

गेल्या वर्षी द्राक्षांचा हंगाम भरात असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळची घरी आली. चौथीत असताना ती माझ्या वर्गात होती. पुढे दहावी झाली, लग्न झाले, दोन मुले झाली, आणि आता पिंपळगावला एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षे निवडण्याच्या कामावर जाता जाता तिने गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाची बी. ए. पुरी केली होती. पेढे घेऊन आली होती. पण पेढे हे निमित्त. खरा प्रश्न निघताना चपला घालता घालता विचारला.

"बाई, पदवीदानाला जाऊ का हो? पोरगा म्हणतो, सर्टिफिकेट पोस्टानं येतं. एक खाडा पडला की रोज बुडतो. आणि या वयात तो झगा घालून मिरवायचं म्हणजे..."

मी लगेच उत्तर दिले नाही. देणार तरी कोणत्या तोंडाने? माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. 'पोरीच्या जातीला एवढे पुष्कळ झाले,' असे घरात ठरले आणि मीही मान डोलावली. तेव्हा झगा अंगावर घेण्याचा योग माझ्या वाट्याला आलाच नाही. तिला म्हटले, "चार दिवसांनी ये."

त्या चार दिवसांत मला एका बाईंची फार आठवण झाली. त्यांचा जन्म आमच्या नाशिकचा, हे नाशकातही थोड्यांनाच ठाऊक असते.

आपण रोज शरणपूर रोडने जातो-येतो. दुकाने आणि दवाखाने दिसतात. 'शरणपूर' या शब्दाकडे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे राहत आणि हुन्नर शिकत. सोराबजी खर्सेदजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक याच मिशनचे. त्यांची मुलगी कॉर्नेलिया 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशकात जन्मली.

मुंबई विद्यापीठाने मुलींना परीक्षेस बसू द्यावे म्हणून सोराबजींनी मोठी खटपट केली. थोरल्या मुलींना तो लाभ मिळाला नाही, कॉर्नेलियाला मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. त्या यशाला इंग्लंडात शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण शिष्यवृत्तीवर हक्क पुरुषाचा, असे उत्तर आले. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवले. पुढे इंग्लंडातील काही मंडळींनी वर्गणी जमवली; वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या पैशावर 1889 साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तिथे त्यांनी कायदा घेतला. बी. सी. एल. ही तिथली कायद्याची परीक्षा पुरुषांनाही जड जाणारी. बाईला पुरुषांबरोबर एका दालनात परीक्षेस बसवायचे कसे, यावर वाद पडला आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला. 1892 साली त्या परीक्षेस बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. असे करणारी ती पहिली स्त्री.

उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना शिकू देई, परीक्षा घेई, निकालही लावी. पदवी मात्र देत नसे. जेवायला बसवावे, ताट वाढावे आणि विडा देण्याची वेळ आली की पाठ फिरवावी, तसला हा प्रकार.

कोणी म्हणेल, ज्ञान मिळाले ना? कागदाचे एवढे काय? कॉर्नेलियाबाईंचे पुढचे आयुष्य हेच त्याचे उत्तर आहे. 1893 मध्ये त्या परत आल्या. मुंबईची एल्‌एल. बी. 1897 साली झाल्या, अलाहाबादची वकिलीची परीक्षा 1899 साली उतरल्या. तरी कोर्टाचे दार उघडले नाही. अखेर 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे सल्लागाराची नोकरी मिळाली. पडद्यातल्या विधवा, ज्यांच्या इस्टेटी दीर आणि कारभारी गिळत होते, त्यांच्या माजघरापर्यंत पुरुष वकील पोचू शकत नसे. तिथे ही बाई पोचली. पालखीतून, होडीतून, हत्तीवरूनही. वीस वर्षांच्या आसपास हे काम चालले आणि सहाशेहून अधिक बायका व पोरकी मुले त्यांच्या आधाराने उभी राहिली, असे सांगतात.

तिकडे इंग्लंडातही अशा पदवीवाचून राहिलेल्या पुष्कळ होत्या. 1904 ते 1907 या काळात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने दार जरा किलकिले केले, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकलेल्या सातशेच्या वर बायका आगबोटीत बसून आयर्लंडला गेल्या. जायचे, झगा घालायचा, आपल्याच अभ्यासाची पदवी परक्या विद्यापीठाकडून घ्यायची आणि परत यायचे. लोकांनी त्यांना 'स्टीमबोट लेडीज' असे नाव ठेवले. त्यांनी तिकिटाचे पैसे खर्च केले ते हौसेखातर नव्हे. जे आपण मिळवले, ते कोणीतरी चारचौघांत मोठ्याने कबूल करावे, एवढ्यासाठी.

ऑक्सफर्डने ही कबुली द्यायला 1920 साल उजाडले. केंब्रिजने तर बायकांना पूर्ण पदवी 1948 साली दिली. म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच्याही नंतर. कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी आली ती 1922 मध्ये. परीक्षा देऊन तीस वर्षे झाली होती. वय पंचावन्न. पुढे लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले, 1923 च्या कायद्याने हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली मोकळी झाली, आणि 1924 मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. काम करण्याची उमेदीची वर्षे तोवर सरली होती.

त्यांचे सगळेच आपल्याला पटणारे नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, आणि मिस मेयोच्या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केल्यावर लोक त्यांच्यावर रागावले. त्यांचे नाव आपण विसरलो, त्याचे एक कारण हेही असावे. पण राजकारण चुकले म्हणून परीक्षा खोटी होत नाही.

'पदवीदान' हा आपला शब्दच मला नेहमी खटकतो. जी वस्तू विद्यार्थ्याने रात्री जागून कमावली, तिचे दान कसले? पण कॉर्नेलियाबाईंची हकीकत वाचली आणि वाटले, शब्द अगदीच चुकीचा नाही. मिळवणे वेगळे आणि देणे वेगळे. परीक्षा विद्यार्थ्याची होते. समारंभात परीक्षा होते ती देणाऱ्याची. इतक्या लोकांसमोर उभे राहून 'ही आमची' असे म्हणण्याचे धाडस त्याला आहे की नाही, एवढेच तिथे पाहायचे असते.

आणि म्हणायला देणारा हवा, तसा ऐकायला साक्षीदारही हवा. पंडिता रमाबाई वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला आणि ते राहिले. चेल्टनहॅमला त्यांचा दुसरा अभ्यास चालू असताना अमेरिकेहून बोलावणे आले, की आनंदीबाई जोशी डॉक्टर होताहेत, समारंभाला या. जी पदवी आपल्याला घेता आली नाही, ती दुसरीला मिळताना पाहायला अटलांटिक ओलांडायचा, तेही हातचा अभ्यास टाकून आणि पाच वर्षांचीही न झालेली मुलगी बरोबर घेऊन! रमाबाई गेल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या समोर होत्या. वर्ष पुरे होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 ला, आनंदीबाई पुण्यात वारल्या. एकाही रोग्याला त्या पदवीचा उपयोग झाला नाही, असे हिशेबी माणूस म्हणेल. पण पाहुणी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेतच राहिल्या, गावोगाव बोलल्या, मदत उभी केली आणि परतल्यावर मुंबईत शारदासदन उघडले. ती तारीख होती 11 मार्च 1889.

चार दिवसांनी मुलगी आली. मी एवढी सगळी पोथी तिच्यापुढे वाचली नाही. "जा," म्हटले, "आणि मीही येते. सासूबाईंनाही घे."

आम्ही तिघी गेलो. मंडप भरलेला होता. नाव कोणी एकेकीचे पुकारले नाही. एवढ्या गर्दीत ते शक्यही नव्हते. शाखेशाखेने सारे उभे राहिले, व्यासपीठावरून पदवी दिल्याची वाक्ये वाचली गेली, टाळ्या झाल्या आणि सगळे बसले. दोन मिनिटांचे काम. सासूबाईंनी माझ्या कानाशी विचारले, "झालं? एवढंच?"

"एवढंच," मी म्हटले.

त्यांनी जरा विचार केला. मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या मान उंच करून पाहू लागल्या. त्यांची सून अजून उभीच होती.