ब्यूलाचं स्वयंपाकघर, ज्युलियाचा फ्लॅट

अमेरिकन टीव्हीवर कृष्णवर्णीय स्त्री मालिकेची नायिका पहिल्यांदा कधी झाली, असं शोधायला गेलात तर दोन उत्तरं सापडतील. एक १९५०, दुसरं १९६८. दोन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि या दोन आकड्यांमधल्या अठरा वर्षांवर माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं आहे. गाइडचं ते वाचून झालंय, आता तुमची पाळी.

आधी 'सिटकॉम' म्हणजे काय ते थोडक्यात. अर्ध्या तासाची विनोदी मालिका. तेच घर, तीच माणसं, दर आठवड्याला नवा घोळ आणि शेवटी सगळं पुन्हा जिथल्या तिथे. हे 'जिथल्या तिथे' नीट लक्षात ठेवा. नायिका वकील असेल तर पुढच्या आठवड्यातही ती वकील असते. मोलकरीण असेल तर मोलकरीणच. कितीही हुशारीने तिने घरातला गुंता सोडवला तरी सोडवून झाल्यावर ती परत चुलीपाशी.

तर १९५०. ३ ऑक्टोबरला एबीसी वाहिनीवर 'ब्यूला' ही मालिका सुरू झाली. हॅरी हेंडरसन हा गोरा वकील, त्याची बायको अ‍ॅलिस, मुलगा डॉनी, आणि त्यांच्याकडे स्वयंपाकापासून सगळं बघणारी ब्यूला. मालिकेचं नाव तिचं, विनोद तिचे, गोष्ट तिच्याभोवती फिरणारी, पण घर हेंडरसनांचं. एका भागात डॉनीला पार्टीत नाचता यावं म्हणून ब्यूला आणि तिची मैत्रीण ओरिओल त्याला नाच शिकवतात. ब्यूलाला स्वतःला मूलबाळ नाही. बिल नावाचा एक मित्र आहे, तो लग्नाचं काही मनावर घेत नाही. म्हणजे तिच्या आयुष्यात जे घडायला हवं ते सगळं मालकाच्या घरात घडतं. 'मॅमी' म्हणतात ती हीच प्रतिमा: जाडजूड, प्रेमळ, गोऱ्यांच्या मुलांना आपलं मानणारी, स्वतःच्या घराचा पत्ता नसलेली कृष्णवर्णीय बाई. गुलामगिरीच्या काळाची गोड आठवण म्हणून ती अमेरिकेत कथांमधून, जाहिरातींमधून, अगदी पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरूनही फिरत राहिली होती.

पण ब्यूलाचा जन्म कुठे झाला ते ऐका. हे पात्र रेडिओवरचं. १९३९ मध्ये ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा ब्यूलाचा आवाज काढत होता मार्लिन हर्ट. गोरा. पुरुष. स्टुडिओत समोर प्रेक्षक बसलेले असत. हर्ट त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि आपलं वाक्य आलं की गर्रकन वळून ब्यूलाच्या आवाजात बोलायचा. लोक आधी दचकायचे, मग हसायचे. घरी रेडिओ ऐकणाऱ्यांना हशा कशाला पिकला ते दिसत नव्हतं, फक्त हशा ऐकू येई. पात्र इतकं चाललं की १९४५ मध्ये हर्टला ब्यूलाचा स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. १९४६ मध्ये तो अचानक वारला, तर त्याच्या जागी काही काळाने बॉब कॉर्ली आला. तोही गोरा पुरुषच. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये कुठे ही भूमिका एका कृष्णवर्णीय स्त्रीकडे आली, आणि ती स्त्री होती हॅटी मॅकडॅनिएल.

'गॉन विथ द विंड'मधली मॅमी म्हणून तुम्ही तिला पाहिलं असेल. त्या भूमिकेसाठी १९४० मध्ये तिला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. समारंभ लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसॅडर हॉटेलात होता आणि तिथे ती चित्रपटातल्या सहकाऱ्यांबरोबर बसली नव्हती. तिच्यासाठी बाजूला भिंतीलगत वेगळं टेबल होतं. तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. सिनेमाआधी तिने स्वतः लोकांच्या घरी कामं केली होती, एका क्लबात प्रसाधनगृहाची देखभालही केली होती. मोलकरणीच्या भूमिका करते म्हणून कृष्णवर्णीय संघटनांकडून तिच्यावर टीका होत असे. त्यावरचं तिचं म्हणून सांगितलं जाणारं उत्तर असं की खरोखरची मोलकरीण होण्यापेक्षा पडद्यावरची झालेलं परवडलं, पैसे कितीतरी पट मिळतात.

हे उत्तर ऐकून तुम्हाला काय वाटतं? मला सुरुवातीला ते निव्वळ व्यवहारी वाटायचं. आता वाटतं, त्यात तिने आपल्यापुढचे पर्याय मोजून दाखवले आहेत. दोनच होते. आणि मिळालेल्या चौकटीत तिने घासाघीस केलीच. रेडिओवरची ब्यूला स्वीकारताना तिची अट होती की लेखकांच्या कल्पनेतली ती तथाकथित 'निग्रो बोली', म्हणजे मुद्दाम मोडलेलं, अडाणी वाटणारं इंग्रजी, ती बोलणार नाही. हे लहानसं नव्हे. हर्टचा सगळा विनोद त्या बोलीवरच तर उभा होता!

टीव्हीवर मात्र पहिली ब्यूला हॅटी नव्हती. ती होती एथेल वॉटर्स, ब्लूज गाणारी मोठी गायिका. १९३९ मध्ये, टीव्ही हा अजून प्रयोगच होता तेव्हा, एनबीसीने एका रात्रीपुरता तिच्या नावाचा कार्यक्रम केला होता. एवढी मोठी कलावंत एका हंगामानंतर मालिका सोडून गेली. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या विनोदी भूमिकेचा आपल्याला वीट आला, असं तिचं कारण तेव्हाच छापून आलं. बिल करणारा पहिला नट पर्सी हॅरिस हाही पात्राच्या चित्रणावर नाराज होऊन बाहेर पडला होता. मग हॅटी आली, सहा भागांचं चित्रीकरण झालं आणि ती आजारी पडली. कॅन्सर. तिच्या जागी आली लुईस बीव्हर्स, तीही आयुष्यभर सिनेमात मोलकरणीच करत आलेली. हॅटी २६ ऑक्टोबर १९५२ ला गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावं अशी तिची इच्छा होती, पण तिथे कृष्णवर्णीयांना जागा नव्हती.

तीन वर्षांत तीन ब्यूला. मालिका म्हणून बघितलं तर अभिनेत्री कोण याने फारसं काही बिघडत नव्हतं, पदर खोचून उभी राहणारी कुणीतरी हवी होती इतकंच. (पदर माझा. तिचा एप्रन.)

एनएएसीपी ही १९०९ पासूनची नागरी हक्क संघटना. तिने १९५१ च्या अटलांटा अधिवेशनात 'ब्यूला' आणि 'अ‍ॅमॉस अँड अँडी' या दोन्ही मालिकांचा निषेध केला. आता इथे अडचण बघा. या दोन मालिका बंद पडल्या की टीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकारांना मालिकेत नियमित काम जवळपास उरत नव्हतं. कलाकारांपैकी काही जण म्हणूनच संघटनेवर चिडले. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि मला वाटतं हा पेच आजही कुठल्याच देशात पुरता सुटलेला नाही. 'ब्यूला' १९५३ पर्यंत चालली. तिचे आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच भाग शिल्लक आहेत.

पुढची पंधरा वर्षं कृष्णवर्णीय नायिकेची एकही सिटकॉम नाही. का? एक कारण पैशांचं. त्या काळात कार्यक्रमाचा खर्च प्रायोजक उचलायचे, आणि कृष्णवर्णीय चेहऱ्याशी आपल्या साबणाचं वा सिगारेटचं नाव जोडलं गेलं तर दक्षिणेतली गोरी गिऱ्हाइकं तुटतील ही त्यांना भीती. नॅट किंग कोलसारख्या लाडक्या गायकाचा एनबीसीवरचा कार्यक्रम १९५७ मध्ये बंद पडला, कारण देशभरासाठी प्रायोजकच मिळाला नाही. मग ब्यूलाला 'प्रॉक्टर अँड गॅम्बल' कशी मिळाली? उत्तर तुम्हीच द्या. साबणाच्या कंपनीला घर चकचकीत ठेवणारी मोलकरीण चालत होती, सूट घालून मध्यभागी उभा असलेला माणूस चालत नव्हता.

आता १९६८. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. त्याआधी थोडेच दिवस केर्नर आयोगाचा अहवाल आला होता. शहरांतल्या दंगलींची कारणं शोधणाऱ्या या आयोगाने वर्तमानपत्रं आणि टीव्ही यांनाही खडसावलं होतं. अशा वर्षी १७ सप्टेंबरला एनबीसीवर 'ज्युलिया' सुरू झाली. लेखक-निर्माता हॅल कँटर, गोरा. एकेकाळी 'अ‍ॅमॉस अँड अँडी'साठीही त्याने लिहिलेलं. एनएएसीपीचे रॉय विल्किन्स यांचं भाषण ऐकून ही कल्पना सुचली असं तो सांगे. नायिका डायॅन कॅरल. १९६२ मध्ये 'नो स्ट्रिंग्ज'साठी टोनी पुरस्कार मिळवलेली, देखणी, नेटकी. ज्युलिया बेकर ही नर्स, तिचा वैमानिक नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलाय, कोरी नावाचा छोटा मुलगा आहे. राहते चांगल्या फ्लॅटमध्ये. त्याच इमारतीतल्या गोऱ्या कुटुंबातला मुलगा कोरीचा जिवलग मित्र. पहिल्याच भागात नोकरीसाठी ती डॉ. चेगलींना फोन करते आणि आपण निग्रो आहोत हे आधीच सांगून टाकते. त्यावर ते विचारतात की जन्मापासून आहेस की फॅशन म्हणून?

हसू येतं, आणि लगेच लक्षात येतं की प्रश्न मिटलासुद्धा. नोकरी मिळाली, घर आहे, शेजारी बरे. वाहिनीने मालिका रेड स्केल्टनच्या तुफान लोकप्रिय कार्यक्रमासमोर लावली होती, म्हणजे चालेल अशी फार आशा नसावी. पण पहिल्याच हंगामात ती देशात सातव्या क्रमांकावर गेली. मॅटेल कंपनीने ज्युलियाची बाहुली काढली.

टीका मात्र पहिल्या दिवसापासून. 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये रॉबर्ट लुईस शेयन याने लिहिलं की गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या जगण्याशी हिचा काही संबंधच नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता: बाप कुठाय? १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हलाखीत स्त्रीप्रधान घरांना मोठं कारण ठरवलं होतं, त्यावर प्रचंड वाद पेटला होता. आणि त्याच वेळी टीव्हीवर पहिलं प्रतिष्ठित कृष्णवर्णीय घर आलं तेही पुरुषाविना. गंमत म्हणजे डायॅन कॅरल हे सगळं जाणून होती. मालिका सुरू होऊन तीनेक महिने झाले असतील, तेव्हा तिनेच 'टीव्ही गाइड'ला सांगितलं की आम्ही सध्या 'गोरा निग्रो' दाखवतोय. स्वतःच्या चालू मालिकेबद्दल असं बोलायला हिंमत लागते, आणि तिला सोमवारी परत सेटवर जायचं होतं.

संशोधक म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रेक्षकांची पत्रं. कँटरने ती जपून ठेवली, आता ती विस्कॉन्सिनच्या संग्रहात आहेत, आणि आनिको बोद्रॉग्कोझी या अभ्यासिकेने त्यांवर सुंदर काम केलंय. त्यात गोऱ्या बायका आहेत ज्यांना ज्युलियात स्वतःसारखीच एक आई दिसते. वंशद्वेषाने फणफणलेले लोक आहेत, ज्यांना टीव्हीवर गोरे-काळे इतके जवळ बसलेलेही बघवत नाहीत. आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक आहेत, जे आपल्या जगण्याशी कुठे जुळतं, कुठे नाही ते सांगतात. एकच अर्धा तास, पण प्रत्येक घरात वेगळी मालिका चाललेली. (मुंबईत तेव्हा टीव्हीच नव्हता. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, तोवर 'ज्युलिया' बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.) कॅरल आणि कँटर दोघंही थकले होते; ८६ भागांनंतर मार्च १९७१ मध्ये मालिका संपली.

'बाप कुठाय' या प्रश्नाचं उत्तर एका अभिनेत्रीने दिलं. एस्थर रोल. 'मॉड' या मालिकेत ती फ्लोरिडा इव्हान्स नावाची मोलकरीण करायची. मोलकरीण करायला ती आधी तयारच नव्हती. ही बाई मालकिणीला उलट उत्तर देणारी असेल असं पटल्यावर तयार झाली. फ्लोरिडा इतकी आवडली की १९७४ मध्ये सीबीएसने तिला स्वतंत्र मालिका दिली, 'गुड टाइम्स'. तिथे रोलने अट घातली: माझ्या मुलांना बाप हवा. म्हणून शिकागोच्या सरकारी चाळवजा इमारतीत जेम्स इव्हान्स अवतरला. फ्लोरिडा चुलीपाशी दिसतेच, पण आता चूल तिची आहे.

ही अटसुद्धा किती टिकली? थोरला मुलगा जे. जे. याचे विदूषकी चाळे लोकांना आवडू लागले, तसे लेखक तिकडेच वळले. रोलने १९७५ मध्ये 'एबनी' मासिकात यावर उघड नापसंती दाखवली. तक्रारी करणाऱ्या जॉन अ‍ॅमॉसला १९७६ मध्ये काढून टाकलं आणि जेम्सला मोटार अपघातात मारलं. म्हणजे बाप पुन्हा गेला. १९७७ मध्ये रोल स्वतः बाहेर पडली, पटकथा सुधारण्याचं आश्वासन घेऊन १९७८ मध्ये परतली, आणि पुढच्या वर्षी मालिका संपली. १९७९ मध्येच तिला एका टीव्ही चित्रपटासाठी एमी मिळालं. भूमिका? घरकाम करणाऱ्या बाईची.

मुख्य भूमिकेसाठी, विनोदी मालिकेतलं एमी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली 'द जेफरसन्स'मधली इझाबेल सॅनफर्ड, १९८१ च्या सप्टेंबरमध्ये. त्या मालिकेत जेफरसन कुटुंब पैसेवालं आहे आणि त्यांच्या घरी मोलकरीणही कृष्णवर्णीयच. ती करणारी मार्ला गिब्ज सुरुवातीची वर्षं युनायटेड एअरलाइन्समधली आपली नोकरी सांभाळून चित्रीकरणाला यायची. सॅनफर्डच्या एमीनंतर महिनाभराने, ऑक्टोबरमध्ये, एनबीसीवर 'गिम्मी अ ब्रेक' सुरू झाली. नायिका नेल कार्टर, एका गोऱ्या पोलीसप्रमुखाचं घर आणि त्याच्या तीन मुली सांभाळणारी. ती सहा वर्षं चालली. तिच्याबद्दल आणि मार्ला गिब्जबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.