‘हँड ओव्हर’ केलं म्हणजे नेमकं काय केलं? वऱ्हाडची गोष्ट

इअरफोन लावलेत ना?

परवा अकोल्याहून अमरावतीला एसटीनं येत होतो. बाजूचा पोरगा फोनवर कुणाला तरी समजावत होता, “अबे, दुकान फक्त हँड ओव्हर केलं, देऊन नाही टाकलं!” मला हसू आलं. म्हटलं, आपल्या अख्ख्या वऱ्हाडाचं भांडण या एका वाक्यात आहे.

इंग्रजीत ‘हँड ओव्हर’ म्हणजे ताबा दुसऱ्याच्या हाती देणं. मालकी गेली की राहिली, वस्तू परत येणार की नाही, हे तो शब्द सांगत नाही. आपली मराठी इथं जास्त चोख आहे. ‘ठेवायला दिलं’ वेगळं, ‘देऊन टाकलं’ वेगळं.

आता 1853 मध्ये चला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाचं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज, हैदराबाद कंटिन्जंट, तिचा खर्च निजामाच्या माथी. पगार थकले, कर्ज वाढलं. मग डलहौसीच्या काळात तह झाला आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. तहातला शब्द होता ‘असाइन’, म्हणजे नेमून देणं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून कागदोपत्री आपलं नाव पडलं ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’.

1860 च्या तहात धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं, ‘विश्वस्त’ म्हणून. वर हिशेब मागायचा हक्कही निजामानं सोडला! पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला, 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. अशी कापसाची जमीन सहजासहजी कोण सोडतं? निजामाचे दिवाण सालारजंग 1876 मध्ये थेट इंग्लंडला जाऊन आले. वऱ्हाड काही परत मिळालं नाही.

1902 मध्ये कर्झननं सहाव्या निजामाकडून नवा करार करून घेतला. वर्षाला 25 लाख रुपये भाडं आणि भाडेपट्टा कायमचा. गंमत बघा, ज्या फौजेसाठी वऱ्हाड घेतलं, ती फौज लगेच इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. कारण संपलं, ताबा राहिला! 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

सातव्या निजामानं पुन्हा मागणी केली. 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं ती साफ फेटाळली. 1936 मध्ये समजूत काढली ती अशी की, मालकी तुमचीच, आणि तुमचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’. किताब हैदराबादला, कारभार नागपूरला.

या सगळ्या कागदांवर सह्या निजामाच्या आणि इंग्रजांच्या. अमरावतीच्या कास्तकाराला, अकोल्याच्या हमालाला कुणी विचारलं का? त्यांच्या पायाखालची जमीन हँड ओव्हर होत होती.

तेव्हा पोरांनो, भाडेकरार असो की पार्टनरशिप, ‘हँड ओव्हर’ शब्द दिसला की सहीआधी दोनच प्रश्न विचारा. कशासाठी? आणि परत कधी?

भेटू पुढच्या भागात. राम राम!