दातवणापासून ब्लीचिंगपर्यंत

शुभ्र दातांना कुंदकळ्यांची उपमा देणाऱ्या आपल्याच समाजात एके काळी सुवासिनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. हिरडा किंवा मायफळातील टॅनिन आणि हिराकसातील लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी शाईही अशीच बनत असे. जपानमध्येही ही प्रथा होती. तेथील सरकारने १८७० मध्ये सरदार घराण्यांना ती बंद करायला लावली.

पुढे राखुंडी, कोळशाची पूड आणि १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत सुरू केलेल्या विकोचे दंतमंजन आले. मात्र तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्रीही घराघरांत राहिली. भारत सरकारने १९९२ साली दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला ती कशी थांबवणार?

आता दात पांढरे करण्याविषयी. मंजन, पेस्ट किंवा येथील बाजारात मिळणारे मिसवाक (म्हणजे आपल्या पीलूच्या झाडाची काडी) दातांवरचे डाग घासून काढतात. कोळसा वा राखेने जोरात घासल्यास दाताचे वरचे कवच झिजते आणि आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो. झिजलेले कवच परत येत नाही.

आतला रंग उतरवते ते पेरॉक्साइड. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते साच्यात भरून रात्री दातांवर ठेवण्याची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पिवळट दात चांगले उजळतात, करडे कमी. कॅप व फिलिंगचा रंग बदलत नाही. काही दिवस दातांत कळ येऊ शकते, आणि चहा-कॉफीने रंग हळूहळू परततो. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक पेरॉक्साइडची अशी उत्पादने अठरा वर्षांखालील मुलांसाठी वापरता येत नाहीत. आपल्या मुलांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे.

ब्लीचिंगने मिश्रीचा डाग जाईल, तंबाखूने तोंडाला केलेली इजा जाणार नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर दातांच्या रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी दंतवैद्याला दाखवावे.