धक्क्याखालचे खांब आणि नदीचे गोडे पाणी : सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील लाकडी पायांची पडझड व दुरुस्ती (१९१४ ते १९४५)

प्रस्तावना :

बंदरांचा इतिहास लिहिताना जहाजे, व्यापारी माल, जकात आणि गोदी कामगार यांचा विचार होतो. मात्र ज्या खांबांवर धक्का आणि धक्क्यावरील गोदामे उभी असतात, त्या खांबांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ते पाण्याखाली असतात, त्यांची देखभाल कनिष्ठ अभियंते व सुतार करतात आणि त्यांवरील खर्च हिशेबाच्या वहीत 'दुरुस्ती' या एकाच शीर्षाखाली नोंदला जातो. इमारत खचली म्हणजेच तिला पाय होते याची आठवण होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९१९ ते १९२१ या काळात ही आठवण फार महाग पडली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वरच्या भागातील लाकडी धक्के, नौकातळ आणि गोदामे एकामागून एक पाण्यात कोसळली. या घटनेची नोंद आजवर मुख्यतः प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत, एका उपद्रवी जीवाचा प्रताप म्हणून झाली आहे. ती नोंद चुकीची नाही, पण अपुरी आहे. या पडझडीचे एक मूळ धक्क्यापासून कित्येक मैल दूर, नदीच्या वरच्या अंगाला भातखाचरांत होते. म्हणूनच खांबांच्या दुरुस्तीचा इतिहास हा पाणीवाटपाच्या इतिहासाचाही भाग ठरतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

उपसागराची रचना व कच्च्या लाकडाची निवड :

सॅक्रामेंटो आणि सॅन होकीन या दोन नद्या एकत्र येऊन सुइसुन उपसागर, कार्किनेझची सामुद्रधुनी व सॅन पाब्लो उपसागर या मार्गाने सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्राला मिळतात. समुद्राच्या मुखाजवळ पाणी खारट, वर जावे तसतसे ते मचूळ आणि शेवटी गोडे. सिएरा नेवाडा पर्वतावरील बर्फ वितळले की हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंत ऋतूपर्यंत गोड्या पाण्याचा लोंढा खाली येई व खारे पाणी मागे रेटले जाई. पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे झालेले पाहणाऱ्या कोकणातील वाचकाला ही रचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

खालच्या भागात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या किनाऱ्यावर, लाकूड पोखरणारे जीव पहिल्यापासून होते. तेथे १८५० च्या दशकात उभारलेल्या धक्क्यांचे खांब थोड्याच वर्षांत निकामी होत, आणि या अनुभवातून तेथील अभियंते शहाणे झाले. पुढे क्रिओसोट या तेलकट द्रव्यात दाबाखाली मुरवलेले खांब आणि नंतर काँक्रीट यांचा वापर तेथे वाढत गेला. १८९८ मध्ये खुली झालेली प्रसिद्ध 'फेरी बिल्डिंग' पाच हजारांहून अधिक लाकडी खांबांवर उभी आहे. परंतु हे खांब गाळात गाडलेले असून त्यांवर काँक्रीटचे पाये व कमानी आहेत. गाळात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तेथे बुरशीही वाढत नाही आणि पोखरणारा जीवही तग धरत नाही. १९०६ च्या भूकंपातही ही इमारत टिकून राहिली.

वरच्या भागात असा अनुभव नव्हता. पोर्ट कोस्टा येथे १८८० च्या दशकापासून गव्हाची अवाढव्य गोदामे पाण्यावरच्या खांबांवर उभी होती. क्रॉकेट येथे साखर शुद्धीकरणाचा कारखाना होता, तर बेनिशिया व पोर्ट कोस्टा यांच्या दरम्यान संपूर्ण आगगाडी वाहून नेणारी 'सोलानो' ही बोट ये-जा करी. या परिसरातील असंख्य खांब डग्लस फरच्या कच्च्या, कोणतीही प्रक्रिया न केलेल्या लाकडाचे होते. याला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. दरवर्षीचा गोड्या पाण्याचा लोंढा पोखरणाऱ्या जीवांना मारून टाकत असे. जे संरक्षण नदी फुकट देत होती, त्यासाठी क्रिओसोटचा जादा खर्च करणे कोणाही व्यवहारी मालकाला अनावश्यक वाटणे स्वाभाविक होते.

शिपवर्म : नाव किड्याचे, जात शिंपल्याची :

'शिपवर्म' म्हणून ओळखला जाणारा तेरेडो नावालिस हा जीव किडा नाही. तो शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. लिनियसने १७५८ मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले. त्यापूर्वीच, १७३१ च्या सुमारास, त्याने हॉलंडमधील समुद्रबांधांची लाकडी खुंटाळी पोखरून त्या देशाची झोप उडवली होती आणि पुढे तेथील बांधांना दगडी आवरण द्यावे लागले होते. याची डिंभके पाण्यात तरंगत येतात व टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतात. आत गेल्यावर डोक्याकडील दोन लहान शिंपल्यांनी लाकूड किसत प्राणी लांब होत जातो आणि भोगद्याला चुन्याचे अस्तर देतो. बाहेरचे छिद्र मात्र लहानच राहते. पाणी प्रतिकूल झाले तर तो ते छिद्र आतून बंद करून काही काळ तग धरतो.

निरीक्षकाची फसगत येथेच होते. लिम्नोरिया हा दुसरा, कवचधारी सूक्ष्म जीव खांब बाहेरून कुरतडतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांबाला डमरूसारखी कंबर पडते आणि ती होडीतूनही दिसते. तेरेडोने खाल्लेला खांब मात्र बाहेरून धडधाकट दिसतो, हातोडीने ठोकल्यावरच त्याचा पोकळ आवाज येतो.

या उपसागरातील मूळचा पोखरणारा शिंपला बँकिया याला बराच खारटपणा लागे, म्हणून तो खालच्या भागातच राहिला. बाहेरून आलेला तेरेडो नावालिस त्याहून सोशिक निघाला. पाण्यातील क्षारांचे प्रमाण हजारी सुमारे पाचपर्यंत उतरले तरी तो जगू शकतो. १९१४ च्या सुमारास मेअर आयलंड येथील नौदलाच्या आवारात त्याचा उपद्रव प्रथम लक्षात आला. तेव्हा ती एका ठिकाणची किरकोळ बाब मानली गेली.

१९१९ ते १९२१ :

१९१७ पासून कॅलिफोर्नियात अवर्षणाची वर्षे आली. लोंढा दुबळा झाला, खारे पाणी वर सरकले आणि त्याबरोबर तेरेडोही सरकला. दोन वर्षांच्या काळात सरासरी दर पंधरवड्याला एक मोठे बांधकाम, धक्का किंवा नौकातळ, कोसळल्याचे सांगितले जाते. बेनिशियाचा नगरपालिकेचा धक्का १९२० मध्ये पडला. मालाने भरलेली गोदामे आणि रेल्वेचे डबेही पाण्यात गेले. भार सर्वाधिक असताना, तोही पूर्वसूचनेविना, खांब मोडणे हे पोकळ झालेल्या लाकडाचे लक्षणच होय.

१९२० मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को बे मरीन पायलिंग कमिटी' स्थापन झाली. रेल्वे, तेल व बंदर क्षेत्रांतील अभियंत्यांच्या जोडीला बर्कले येथील विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स अॅटवूड कोफॉइड होते. समितीने ठिकठिकाणी लाकडाचे नमुने पाण्यात सोडून जीवांची वाढ व पाण्याचा खारटपणा यांचा मेळ घातला. सी. एल. हिल व कोफॉइड यांनी संपादित केलेला तिचा अंतिम अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. अभियंता आणि प्राणिशास्त्रज्ञ एकाच मेजावर बसल्याचे हे उदाहरण आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा आज जो गाजावाजा होतो त्याच्या फार आधीचे आहे.

पाणी कोठे गेले? :

अवर्षण हे कारण खरे, पण एकमेव नव्हे. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात १९१२ च्या सुमारास व्यापारी भातशेती सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धातील चढ्या भावांमुळे ती झपाट्याने वाढली. भाताला पाणी लागते ते नेमके उन्हाळ्यात, म्हणजे नदीचा प्रवाह सर्वांत क्षीण असताना. पाण्याचा उपसा वाढत गेला तसतशी खाली येणारी धार बारीक झाली.

याचा सर्वांत बोलका पुरावा क्रॉकेटच्या साखर कारखान्याच्या दप्तरात सापडतो. कारखान्याला गोडे पाणी हवे असे आणि ते आणण्यासाठी त्याच्या बोटी नदीत वर जात. पुरेसे गोडे पाणी मिळेपर्यंत बोटीला किती अंतर जावे लागले याची नोंद ठेवली जाई. व्यवहारापुरती ठेवलेली ही नोंदवही पुढे उपसागरातील क्षारतेच्या इतिहासाचे साधन बनली आणि राज्य सरकारच्या १९३१ च्या क्षारताविषयक अहवालात तिचा उपयोग करण्यात आला.

नदीकाठच्या अँटिऑक या गावाचे पिण्याचे पाणी खारट झाले तेव्हा गावाने १९२० मध्ये वरच्या अंगाच्या पाणी उपसणाऱ्यांविरुद्ध दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने मनाई हुकूम दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये तो रद्द केला. मुखाजवळच्या एका गावाला थोडे पाणी गोडे मिळावे म्हणून प्रचंड प्रवाह समुद्रात जाऊ द्यावा, ही मागणी न्यायालयाला अवाजवी वाटली. निकालातील हे गणित गावाच्या नळापुरते बरोबर होते, पण त्याच प्रवाहावर तगून असलेले हजारो खांब त्यात कोठेच धरलेले नव्हते. धक्क्यांचे मालक या दाव्यात पक्षकार नव्हते आणि आपल्या खांबांचे रक्षण नदी करत होती हे त्यांच्यापैकी बहुतेकांना खांब पडल्यावरच उमगले. महाराष्ट्रातील कालव्यांवर 'टेल'च्या शेतकऱ्याची जी अवस्था होते तीच येथे धक्क्यांची झाली. फरक एवढाच की टेलच्या शेतकऱ्याला आपण टेलला आहोत हे ठाऊक असते.

दुरुस्तीचे मार्ग :

उभ्या इमारतीखालचा खांब बदलणे हे नवा धक्का बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. खांबाचे तीन पट्टे मानावे लागतात. गाळातील भाग सहसा शाबूत राहतो, गाळापासून भरतीच्या रेषेपर्यंतचा भाग शिंपला व लिम्नोरिया खातात आणि त्यावरील भाग व तुळया बुरशीने कुजतात. वरचाच भाग कुजला असेल तर जॅक लावून तुळईचा भार तात्पुरता दुसरीकडे घेतात, खांब निरोगी लाकडापर्यंत कापतात व त्यावर नवा तुकडा बसवतात. ओहोटीच्या मोजक्या तासांत तराफ्यावर उभे राहून हे काम उरकावे लागते. खांब खालपर्यंत पोखरला असेल तर फरशीला भोक पाडून जुन्या खांबाशेजारी नवा ठोकावा लागतो, आणि त्यासाठी प्रसंगी छपरही उघडावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे खांबाभोवती काँक्रीटचे आवरण. त्यामुळे जीवाचा प्राणवायू तुटतो, परंतु आवरणाला भेग पडली अथवा ते गाळापर्यंत पोहोचले नाही तर आत काय चालले आहे हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

समितीने क्रिओसोटच्या बाजूने कौल दिला, पण एका अटीवर. हे द्रव्य खांबाच्या बाहेरच्या थरातच मुरते, गाभा कच्चा राहतो. म्हणून खांब उचलताना लागलेला आकडा, बोल्टसाठी पाडलेले भोक किंवा करवतीचा एक काप या प्रत्येकातून जीवाला दार मिळते. महागड्या प्रक्रियेचे यश अशा रीतीने रोजंदारीवरील कामगाराच्या हाताच्या काळजीवर अवलंबून राहिले.

हा सगळा खर्च धक्क्यांच्या मालकांनी, रेल्वेने आणि नगरपालिकांनी सोसला. पाणी उचलणाऱ्यांच्या हिशेबात तो कधीच आला नाही. खाऱ्या पाण्याला अडवणारा बंधारा उपसागरात घालावा अशी योजना १९२० च्या दशकात तपासली गेली, पण ती प्रत्यक्षात आली नाही. त्याऐवजी सॅक्रामेंटोवर शास्ता धरण बांधण्यात आले. काम १९३८ मध्ये सुरू होऊन १९४५ मध्ये पूर्ण झाले आणि उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडून खारेपण मागे रेटणे हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होता. एके काळी फुकट होणारे काम आता सार्वजनिक खर्चाने होऊ लागले.

क्रिओसोटचा हिशेबही पुढे वेगळा निघाला. याच उपसागरात क्रिओसोट लावलेल्या जुन्या खांबांवर हेरिंग मासे अंडी घालतात. अशा खांबांना चिकटलेल्या अंड्यांतील भ्रूण मरतात अथवा विकृत होतात, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यानंतरच्या दुरुस्तीकामांत पोलाद, काँक्रीट व प्लास्टिकच्या आवरणांना प्राधान्य मिळत गेले आणि निरुपयोगी झालेले जुने खांब उपटून काढण्यासाठी वेगळा निधी खर्च होऊ लागला.